गूगलवर माझ्या नावाने भलताच माणूस सापडतो. पर्सनल ब्रँडिंगला पैसे मोजावेत का?

टेकडीवाला

नमस्कार मंडळी. बराच काळ वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी ऑटोमोटिव्ह एम्बेडेडमध्ये (गाडीच्या आतल्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर) आहे, पंधराएक वर्षं झाली, बहुतेक सगळी हिंजवडीत आणि मधे थोडा काळ जर्मनीत ऑनसाइट. ब्रेक कंट्रोलचं सॉफ्टवेअर, त्यातही फंक्शनल सेफ्टी, म्हणजे यंत्रणा बिघडली तरी अपघात होऊ नये हे बघणं. आमच्याकडे सध्या 'रिस्ट्रक्चरिंग' चालू आहे म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल, माझ्यापर्यंत अजून आलेलं नाही पण शेजारच्या टीममधली माणसं गेली. म्हणून बायकोच्या आग्रहाखातर एका करिअर कन्सल्टंटला भेटलो. त्याने माझं नाव गूगलवर टाकलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. पहिल्या पानावर मी कुठेच नाही, आणि जो आहे तो माझ्याच नावाआडनावाचा कुणी गृहस्थ, पतसंस्थेच्या अफरातफरीत गुन्हा दाखल झाल्याची बातमी, वयसुद्धा साधारण माझ्याएवढंच!! कन्सल्टंट म्हणे तुमचा पर्सनल ब्रँड मायनसमध्ये आहे. मग पॅकेज काढलं. लिंक्डइन प्रोफाइल लिहून देणार, दर महिन्याला माझ्या नावाने पोस्टी टाकणार, आणि ती बातमी 'खाली ढकलणार'. चाळीस हजार अधिक जीएसटी.

प्रश्न असा की हे खरंच लागतं का? आमच्या घरी आपल्या कामाबद्दल आपणच बोलणं म्हणजे टिमकी वाजवणं असंच शिकवलंय. लिंक्डइन उघडलं की जो तो 'सांगायला अत्यंत आनंद होतोय' म्हणत असतो, मला ते वाचतानाच कसंसं होतं, लिहिणं तर लांबच. पण ती बातमी बघितल्यापासून झोप नीट लागत नाहीये हेही खरं.

हिंजवडी_फेज३

चाळीस हजार?? आणि वर जीएसटी?? राव तुम्ही फॉर्मवर सही केली नाही ना अजून?

रिक्रूटर_ताई

टेकडीवाला, मी खराडीला टॅलेंट ॲक्विझिशनमध्ये आहे, ऑटो आणि इंजिनिअरिंग सर्व्हिसेसच्या जागा भरते, तेव्हा टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते.

पहिली गोष्ट, आम्ही तुमचं नाव टाकून तुम्हाला शोधत नाही, कारण नाव आम्हाला माहीतच नसतं. आम्ही शोधतो 'आयएसओ २६२६२', 'ऑटोसार', 'एस्पाइस', 'मिस्रा सी' (ही सगळी तुमच्या क्षेत्रातली मानकं), 'पुणे'. हे शब्द ज्याच्या प्रोफाइलवर असतात तो यादीत येतो. तुम्ही पंधरा वर्षं ब्रेक्सवर काम केलंय आणि हेडलाईनला (नावाखालच्या ओळीत) नुसतं 'टेक्निकल लीड' आणि कंपनीचं नाव असेल (पैज लावते, तसंच असणार, लिंक्डइन ते आपोआप भरतं) तर तुम्ही यादीत येणारच नाही, मग कामात कितीही थोर असा. हेडलाईनला २२० अक्षरं मिळतात, त्यात तुम्ही नक्की कशावर काम करता ते लिहा. याला टिमकी म्हणत नाहीत, दुकानावर काय मिळतं ते लिहिणं म्हणतात.

दुसरी गोष्ट नौकरी डॉट कॉम. लोक सीव्ही टाकतात आणि विसरतात. आमच्याकडे उमेदवार शेवटचा कधी ॲक्टिव्ह होता याचा फिल्टर असतो, तीन वर्षांपूर्वीची प्रोफाइल त्यात गळून जाते. लॉगिन करून चार ओळी सुधारल्या तरी वर येता. आणि हो, तिथे स्वतःच्या कंपनीला ब्लॉक करायची सोय आहे, ती आधी लावा. लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क' फक्त रिक्रूटर्सना दिसेल असं ठेवता येतं, हिरवी चौकट लावायलाच पाहिजे असं नाही, पण तुमच्या कंपनीच्या रिक्रूटरपासून ते शंभर टक्के लपेलच याची हमी लिंक्डइन स्वतःसुद्धा देत नाही, हे लक्षात ठेवून काय ते करा.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: तारखा. सीव्हीत एक महिना, लिंक्डइनवर दुसरा, नौकरीवर तिसराच. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले पीएफचा यूएएन (खाते क्रमांक) बघतात, त्यात कुठल्या कंपनीत कधी आलात कधी गेलात ते सगळं असतं. मधला गॅप लपवायला लोक तारखा ताणतात आणि ऑफर हातात आल्यावर अडकतात. गॅप असेल तर गॅप लिहा, आईवडिलांचं आजारपण असतं, मूल लहान असतं, आम्हीही माणसंच आहोत.

नाव गूगल होतं ते शेवटी. दोन राउंड झाले की हायरिंग मॅनेजर कुतूहल म्हणून बघतो, त्यातही क्लायंटसमोर बसवायचा माणूस असेल तर जास्त. तेव्हा ती बातमी दिसली तर तो काय करेल? फोटो बघेल, गाव बघेल, आणि 'हा तो नव्हे' म्हणून पुढे जाईल, पण हा तो नव्हे हे त्याला कळायला तुमचं खरं पान तिथे शेजारी असायला हवं. एवढंच काम आहे.

आणि ज्याकडे कुणाचंच लक्ष नसतं ते दोन: ट्रूकॉलर आणि व्हॉट्सॲपचा डीपी. मी उमेदवाराला फोन लावते तेव्हा समोर जे नाव येतं ते कधीकधी 'पप्पू रिकव्हरी' असतं. लोकांनी आपल्याला काय नावाने सेव्ह केलंय ते तिथे दिसतं. स्वतःचं ट्रूकॉलर नाव दुरुस्त करता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. डीपीवर देवाचा फोटो, लेकराचा फोटो काहीही चालतं हो, पण स्टेटसला कंपनीला शिव्या नकोत.

मिसळ_तिखट

'पप्पू रिकव्हरी' :D :D ताई रोज एक किस्सा टाकत जा.

ब्रँडगुरू_पुणे

इथे सगळे एका बाजूने बोलतायत म्हणून लिहितो. मी याच क्षेत्रात आहे. चाळीस हजार हा मार्केट रेट आहे आणि त्यात कंटेंट, ग्राफिक्स, एसईओ (गूगल सर्चमध्ये वर आणणं) सगळं येतं. मराठी माणूस कामाला वाघ आणि सांगायला मांजर, म्हणून मागे राहतो. तुमच्या टीममधल्या दुसऱ्या कुणीतरी तुमच्याच प्रोजेक्टवर पोस्ट टाकली आणि उद्या तो सेफ्टी एक्स्पर्ट म्हणून पॅनेलवर बसला तर चालेल का? न बोलणं म्हणजे नम्रपणा असं समजू नका. ज्यांना विनामूल्य मार्गदर्शन हवंय त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मिसळ_तिखट

संपादक, जाहिरात विभाग कुठे आहे?

हिंजवडी_फेज३

गुरुजींचा पॅनेलचा मुद्दा मात्र खरा आहे, नाकारता येत नाही. आमच्याकडे डिझाईन रिव्ह्यूत जो गप्प बसायचा तोच कॉन्फरन्सला 'माझा प्रवास' सांगत फिरतो. पण महिन्याला ठरलेल्या पोस्टी दुसऱ्याने लिहायच्या आणि आपल्या नावाने टाकायच्या हे मला झेपत नाही. हल्ली सगळ्या एआयने लिहिलेल्या असतात, सुरुवातीला एक ओळ, मग रिकामी जागा, मग दुसरी ओळ, शेवटी 'तुम्हाला काय वाटतं?'. इंटरव्ह्यूत कुणी त्याच पोस्टवरचा प्रश्न विचारला तर फी घेतलेला माणूस येणारे का उत्तर द्यायला?

टेकडीवाला

ताई, खूप आभार, हेडलाईन अगदी तशीच होती, पैज जिंकलात. बदलली. ट्रूकॉलरवर माझं नाव आडनावाऐवजी 'बी विंग फ्लॅट' असं येतंय, सोसायटीचा ग्रुप मुर्दाबाद.

पण ती बातमी? ती काढून टाकता येते का? कायद्याचं कुणी आहे का इथे?

वकील_शिवाजीनगर

आहे. कोर्टाला सुट्टी आहे म्हणून सविस्तर लिहितो.

ती बातमी तुमच्याबद्दल नाहीच, त्यामुळे काढा म्हणायला तुम्हाला जागा नाही. बदनामीचं कलम, म्हणजे जुनं ४९९-५०० आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतलं ३५६, लागायला मजकूर तुम्हाला उद्देशून आहे असं दाखवावं लागतं. नाव सारखं असणं पुरत नाही. एकाच ठिकाणी हात घालता येईल, एखाद्या पोर्टलने त्या बातमीला चुकून तुमचा फोटो लावला असेल किंवा तुमच्या कंपनीचं नाव चिकटवलं असेल तर. त्यासाठी इमेजेसचा टॅब बघा, इंग्रजीत बघा, देवनागरीत नाव टाकूनही बघा. फोटो सापडलाच तर आधी पोर्टलच्या तक्रार अधिकाऱ्याला साधी मेल, नोटीस नंतर.

'राइट टू बी फरगॉटन'चं, म्हणजे आपली जुनी माहिती सर्चमधून काढून घ्यायच्या हक्काचं नाव घेऊन तुमचा कन्सल्टंट काही सांगत असेल तर ऐका. हा शब्द गाजला २०१४ च्या युरोपियन कोर्टाच्या गूगलविरुद्धच्या निकालाने, तो तिकडचा. आपल्याकडे २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाने प्रायव्हसी मूलभूत हक्क मानला, त्याच्या आधारावर लोक हायकोर्टात जातात. २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ड्रग्जच्या केसमधून निर्दोष सुटलेल्या एका माणसाचा निकाल गूगलच्या सर्चमध्ये येऊ नये असा अंतरिम आदेश दिला, कारण त्याला त्यापायी नोकरी मिळत नव्हती. पण सगळी हायकोर्टं एका सुरात बोलत नाहीत. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याच्या कलम १२ मध्ये आपली माहिती दुरुस्त करून आणि पुसून घ्यायचा हक्क लिहिलाय खरा, पण तो तुमच्या माहितीपुरता, दुसऱ्याच्या नाही. त्या पतसंस्थेवाल्याचा डेटा तुम्ही कसा पुसणार?

थोडक्यात 'खाली ढकलणं' याच्यासाठी पैसे देण्यात कायद्याचा भाग शून्य आहे.

प्रयोगशाळा

टेकडीवाला, हे नावाचं दुखणं आमच्याकडे रोजचं. मी पाषाण रोडला रिसर्चमध्ये आहे. आडनाव असं की पुण्यात दगड मारला तर लागेल, पहिलं नाव आमच्या पिढीतल्या निम्म्या मुलींचं. वर लग्नाआधीचे पेपर एका नावावर, नंतरचे दुसऱ्या. कुणी शोधलं तर मी दोन अर्ध्या बायका दिसते.

यावर आमच्या क्षेत्रात ऑर्किड आयडी आहे, २०१२ पासून, १६ अंकी नंबर, फुकट मिळतो, तो पेपरसोबत द्यायचा म्हणजे नाव बदललं, स्पेलिंग बदललं तरी काम एकाच माणसाच्या खात्यात जमा होतं. तुम्हाला तो कदाचित नको असेल पण त्यातली युक्ती घेण्यासारखी आहे, एक नाव ठरवायचं आणि ते सगळीकडे तसंच ठेवायचं. आपल्याकडे तर वडिलांचं नाव मधे असतंच, ते वापरा की! नाव-वडिलांचं नाव-आडनाव असं तिन्ही लिहिलं की तुमच्यासारखे पुण्यात कितीही असोत, तिन्ही जुळणारे हाताच्या बोटावर. लिंक्डइनची यूआरएलसुद्धा बदलून त्या तीन नावांची करता येते, नाहीतर शेवटी आकड्यांचं शेपूट असतं. सीव्हीवर, ईमेलवर, सगळीकडे तेच. आणि स्पेलिंग! आमच्याकडे एक दीक्षित सर आहेत, त्यांच्या नावाची इंग्रजीत तीन स्पेलिंगं हिंडतायत, एक पासपोर्टवर, एक डिग्रीवर, एक संस्थेच्या साइटवर.

अजून एक, तुमच्या नावावर पेटंट आहे का? कंपनीच्या पेटंटमध्ये इन्व्हेंटर म्हणून?

टेकडीवाला

आहेत ना. दोन. जर्मनीच्या काळातली. पण ती कंपनीच्या मालकीची, मी काय सांगणार त्याबद्दल?

प्रयोगशाळा

अहो!! मालकी कंपनीची, इन्व्हेंटर म्हणून नाव तुमचं आणि प्रसिद्ध झालेलं पेटंट म्हणजे जाहीर कागद आहे, गूगल पेटंट्सवर कुणीही वाचू शकतं. त्याचा नंबर प्रोफाइलवर टाकायला कुणाची परवानगी नको. लिंक्डइनला पेटंटचा वेगळा रकाना आहे. हे सोडून तुम्ही चाळीस हजारांच्या पोस्टी लिहून घ्यायला निघाला होतात!

हिंजवडी_फेज३

धागाकर्त्याला कुणीतरी पाणी द्या. दोन पेटंटं घेऊन माणूस झोपत नाहीये.

भोसरीकर

बाकी सगळं ठीक पण आमच्यासारख्यांनी लिंक्डइनवर जपून राहावं. आमचं छोटं मशीनिंगचं युनिट आहे, चाकणच्या मोठ्या कंपन्यांना पार्ट जातात. हल्ली पोरं शॉपफ्लोअरवर फोटो काढतात आणि टाकतात, 'प्राउड मोमेंट'. मागे फिक्स्चरवर नवीन मॉडेलचा पार्ट, भिंतीला ड्रॉइंग चिकटवलेलं, पार्ट नंबर वाचता येतोय. कस्टमरशी एनडीए (गुप्ततेचा करार) असतो, अजून गाडी बाजारात आलेली नाही आणि तिचा ब्रॅकेट लिंक्डइनवर! आमच्या ओळखीतल्या एकाला यावरून कस्टमरच्या परचेसवाल्यांनी बोलावून घेतलं होतं, पुढचं सांगत नाही. त्यामुळे टेकडीवाला, ब्रेकचं काम करता तर अमुक गाडीचं अमुक कंट्रोलर मी केलं असं लिहू नका, 'पॅसेंजर कार, ब्रेक कंट्रोल, अमुक लेव्हलची सेफ्टी' एवढ्यावर थांबा. जाणकाराला कळतं. उलट ज्याला कुठे थांबायचं कळतं त्यालाच आम्ही काम देतो.

रिक्रूटर_ताई

+१ भोसरीकर. आणि याच्याच जोडीला, नुसत्या पोस्टीच दिसतात असं समजू नका, तुम्ही कुठे लाइक केलं, कुठे कॉमेंट केली तेही प्रोफाइलच्या ॲक्टिव्हिटीत दिसतं. पोस्ट एकही नाही पण कॉमेंटींमध्ये भाषेवरून, राजकारणावरून रात्री दीड वाजता तुंबळ युद्ध, असे लोक बघितलेत. मतं असावीत, जरूर असावीत, पण मग ती तुमच्या टेक्निकल लीडच्या डेसिग्नेशनखाली छापली जातायत हे माहीत असावं.

फायनल_इयर

दादा, ताई, मी सीओईपीला नाही, साध्या कॉलेजात आहे, कात्रज साइडला. आमच्याकडे कॅम्पसला फारसं कुणी येत नाही. सर म्हणतात गिटहबवर (कोड ठेवायची साइट) अकाउंट बनवा, रोज कमिट करा म्हणजे कोडमधला बदल नोंदवा, त्याचे हिरवे चौकोन दिसले पाहिजेत. खरंच कुणी बघतं का?

हिंजवडी_फेज३

एचआर नाही बघत, इंटरव्ह्यू घेणारा बघतो. मी बघतो. हिरव्या चौकोनांनी काही होत नाही, ते स्क्रिप्ट लावूनही रंगवता येतात हे आम्हाला माहीत आहे. चाळीस रेपो (प्रोजेक्ट) दुसऱ्यांच्या कॉपी केलेल्या, म्हणजे फोर्क, आणि स्वतःची एकही नाही असं असेल तर उलट वाईट दिसतं. एकच स्वतःची ठेव, छोटी चालेल, पण रीडमी (माहितीची फाइल) नीट लिही, काय करतो, कसा चालवायचा, कुठे अडतो. पीएमपीच्या बसचं टाइमटेबल काढून देणारा प्रोग्राम एका पोराने दाखवला होता, त्यात डेटा कुठे कुठे चुकीचा आहे ते त्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं, मी त्या यादीवरच इंटरव्ह्यू घेतला.

आणि दोन गोष्टी. कमिटमध्ये तुझा ईमेल उघड दिसतो, सेटिंगमध्ये गिटहबचा नोरिप्लाय पत्ता लावता येतो, तो लाव. पासवर्ड, एपीआय की चुकून टाकलीस तर फाइल डिलीट करून भागत नाही, जुन्या हिस्टरीत ती राहते. की रद्द करून नवीन घ्यायची.

फायनल_इयर

थँक्स दादा. जुन्या इन्स्टा कॉमेंट्स आणि फेसबुकचं काय? आठवीत असताना कायच्या काय लिहिलंय.

मिसळ_तिखट

भावा आमचं सगळं ऑर्कुटवर होतं, ३० सप्टेंबर २०१४ ला गूगलने ते बंद केलं आणि आमची पिढी वाचली.

हिंजवडी_फेज३

फेसबुकला जुन्या सगळ्या पोस्टी एका झटक्यात 'फक्त मित्रांना' करता येतात, आणि ॲक्टिव्हिटी लॉगमधून गठ्ठ्याने काढूनही टाकता येतात. एखादं पान खरंच काढून टाकलं असेल आणि तरी गूगलवर त्याची जुनी ओळ दिसत असेल तर 'आउटडेटेड कंटेंट' काढायचा फॉर्म आहे गूगलचा, फुकट. मूळ मजकूर पानावर अजून तसाच असेल तर मात्र तो फॉर्म चालत नाही. आठवीतल्या कॉमेंटवरून कुणी नोकरी नाकारत नाही रे, पण साफ केलंस तर तुलाच बरं वाटेल.

दंतकथा

आयटीवाल्यांचं बरंय. माझं सिंहगड रोडला क्लिनिक आहे, माझा पर्सनल ब्रँड म्हणजे गूगल मॅपवरचे तारे. एक बाई येऊन एक तारा देऊन गेल्या, 'दुखलं' एवढंच लिहून. रूट कॅनल होतं हो! आता उत्तर काय देऊ? 'तुमची अक्कलदाढ वेळेत दाखवली असतीत तर' असं लिहिलं की पेशंटची माहिती मी चारचौघात फोडली. म्हणून आम्ही फक्त 'क्लिनिकला फोन करा, बोलू' एवढंच लिहू शकतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं डॉक्टरकडे उत्तर नाही. डेंटल कौन्सिलची २०१४ ची आचारसंहिता आहे, जाहिरातीवर बंधनं आहेत. समोरच्या बिल्डिंगमधल्या क्लिनिकला मात्र महिन्यात दोनशे फाइव्ह-स्टार रिव्ह्यू आलेत, सगळ्यांची भाषा एकच, 'अमेझिंग एक्स्पिरियन्स'. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत याबद्दल बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) २०२२ पासून स्टँडर्डसुद्धा आहे, आयएस १९०००, पण ते ऐच्छिक. वाचतो कोण.

ताळेबंद

दंतकथा, आयडी झकास :) आम्हा सीए लोकांचंही तेच. १९४९ च्या ॲक्टच्या पहिल्या परिशिष्टात कलम ६ आणि ७, काम मागत फिरायचं नाही, ठरवून दिलेल्या चौकटीबाहेर जाहिरात करायची नाही. वेबसाइट ठेवता येते, पण तिलाही नियम आहेत. नियमांचे तपशील अधूनमधून बदलतात म्हणून आमच्या संस्थेची, आयसीएआयची साइट बघावी, व्हॉट्सॲपवर आलेला फॉरवर्ड नव्हे. तरी सदाशिव पेठेतल्या जुन्या फर्मकडे लोक जिने चढून जातातच की. माझ्या ओळखीत ज्यांचं नाव झालं त्या सगळ्यांचं शिकवण्यामुळे झालं, स्टडी सर्कलला जीएसटीवर बोल, आर्टिकलच्या (हाताखाली उमेदवारी करणाऱ्या) पोरांना शिकव, पोरं पुढे कंपन्यांत जातात आणि अडलं की सरांना फोन करतात.

वकील_शिवाजीनगर

आमचा बार कौन्सिलचा नियम ३६. २००८ च्या दुरुस्तीनंतर वेबसाइटवर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण, कुठल्या प्रकारच्या केसेस चालवतो एवढं टाकता येतं, बस. जुलै २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाने वकिलांना रेटिंग देणाऱ्या पोर्टल्सवर कारवाई करा असं बार कौन्सिलला सांगितलं. त्यामुळे रीलवर 'घटस्फोट तीन स्टेप्समध्ये' सांगणारे वकील दिसले की मला त्यांच्या सनदेची काळजी वाटते.

साहेबांचा_पीए

आमचं अजून कडक. राज्य सरकारचा २८ जुलै २०२५ चा जीआर वाचा. वैयक्तिक आणि ऑफिसचं अकाउंट वेगळं ठेवा, सरकारच्या धोरणावर टीका नको, सरकारी गाडी, इमारत, गणवेश यांच्यासोबत रील नको. मोडलं तर १९७९ च्या शिस्त व अपील नियमांखाली कारवाई. म्हणून हा आयडी. अधिक बोलत नाही.

निवृत्त_पिंपरी

मी टेल्कोत आयुष्य काढलं, टाटा मोटर्स नाव २००३ ला झालं त्याआधीपासूनचा माणूस. आमच्या वेळी ब्रँड वगैरे नव्हतं असं म्हणणार नाही, होतंच. अमुक माणूस कसा आहे हे विचारायला बजाजमधून आमच्या फोरमनला फोन यायचा, आणि फोरमन जे दोन शब्द बोलेल त्यावर ठरायचं. फोरमनचं आणि तुमचं पटत नसेल तर संपलंच, दाद कुणाकडे मागणार? म्हणून मला हे तुमचं ऑनलाइन प्रकरण इतकं वाईट वाटत नाही. निदान माणसाला स्वतःची बाजू स्वतः लिहिता येते. नातीने माझंही प्रोफाइल करून दिलंय, रोज कुणीतरी विम्याचा एजंट जोडला जातो.

हिंजवडी_फेज३

काका, तो फोन अजूनही जातो. फक्त आता व्हॉट्सॲपवर, 'याच्यासोबत काम केलंयस ना, कसाय?' लिंक्डइन कितीही चकाचक करा, एक्स-कलीग्जच्या ग्रुपवर दोन मिनिटांत खरं कळतं. पुण्यात ऑटोचं वर्तुळ लहान आहे, आज ज्याच्याशी रिलीजवरून भांडलात तो उद्या दुसऱ्या कंपनीत पॅनेलवर असतो.

टेकडीवाला

खूप मिळालं या धाग्यात. वडिलांचं नाव घालून सगळीकडे एकसारखं केलं, पेटंटं टाकली, कन्सल्टंटला 'नको' म्हणून कळवलं. बातमी आहे तिथेच आहे, पण तिन्ही नावं टाकली की आता मी वर येतो. पोस्टी टाकणार नाही, त्याऐवजी एआरएआयच्या सिआट या वाहन तंत्रज्ञानाच्या परिषदेला पेपर पाठवावा असा विचार आहे, बघू वेळ मिळतो का.

एक राहिलं. घरच्या घरी मुलांना ऑनलाइन सी प्रोग्रामिंग शिकवतो शनिवारी, थोडे पैसे घेतो. ते प्रोफाइलवर टाकू का?

ताळेबंद

थांबा! आधी अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने मूनलायटिंगवरून (नोकरी सांभाळून दुसरीकडे काम) ३०० जण काढले ते आठवत असेल, ते प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करत होते आणि तुमचं ते नाही, पण बऱ्याच लेटरमध्ये 'इतर कोणतेही अर्थार्जन लेखी परवानगीशिवाय नाही' असं सरळ लिहिलेलं असतं. परवानगी मिळाली तर बिनधास्त टाका. आणि ते पैसे रिटर्नमध्ये दाखवताय ना?

टेकडीवाला

दाखवतो हो दाखवतो.

रिक्रूटर_ताई

माझा एक प्रश्न आहे, थोडा अवांतर नाही, विषयातलाच. माझा फोटो आणि नाव वापरून कुणीतरी लिंक्डइनवर दुसरी प्रोफाइल काढलीये आणि फ्रेशर्सना ऑफर लेटर पाठवून 'ट्रेनिंग डिपॉझिट' मागतायत. दोन मुलं आमच्या ऑफिसच्या गेटवर ते लेटर घेऊन आली, एक लातूरहून रात्रीच्या गाडीने आलेला. सिक्युरिटीने मला खाली बोलावलं, तो मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला 'मॅडम तुम्हीच तर बोलला होतात'. लिंक्डइनवर रिपोर्ट केलंय. अजून काय करू?

वकील_शिवाजीनगर

ताई, हे नुसत्या रिपोर्टवर सोडू नका. आयटी ॲक्टचं ६६सी, दुसऱ्याची ओळख वापरणं, आणि ६६डी, कॉम्प्युटरच्या मदतीने तोतयेगिरी करून फसवणं, दोन्ही सरळ लागतात. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार टाका. ज्या मुलांचे पैसे गेलेत त्यांनी लगेच १९३० ला फोन करायचा, जितक्या लवकर तितकी खात्यातली रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त. ती तक्रार त्यांनी स्वतः करायला हवी, तुम्ही त्यांच्या वतीने नाही.

प्रोफाइल गायब व्हायच्या आत स्क्रीनशॉट घ्या, यूआरएल आणि तारीख-वेळ दिसली पाहिजे, मोबाइलच्या ॲपमधून घेतला तर यूआरएल येत नाही, ब्राउझरमधून घ्या. मूळ फाइल डिलीट करू नका, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, जुनं ६५बी. लिंक्डइनच्या तक्रार अधिकाऱ्याला वेगळी मेल करा, २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे तो नेमणं त्यांना बंधनकारक आहे, नुसतं रिपोर्टचं बटण दाबणं म्हणजे तक्रार नव्हे. आणि कंपनीच्या लीगलला आजच कळवा, लेटरहेड त्यांचं आहे, त्यांनाही तक्रारदार व्हावं लागेल.

हिंजवडी_फेज३

आणि लिंक्डइनवर डिजिलॉकरमधून आधारने पडताळणी करून घ्या ताई, नावाशेजारी खूण येते. मुलांना निदान दोन प्रोफाइलमधली खरी कुठली ते दिसेल.

रिक्रूटर_ताई

करते. आणि आमच्या करिअर्सच्या पानावर 'आम्ही कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाही' हे मराठीतही टाकायला सांगितलंय, आतापर्यंत ते फक्त इंग्रजीत, तेही तळाला बारीक अक्षरांत होतं.